शाळूच्या माळ्यावरून धरलेला नेम

या पानावर मी आजवर फक्त वाचक होते, आणि खरं सांगायचं तर टवाळ वाचक. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणी येऊन बसलं, की मी खाली कमेंट टाकायचे — "रात्रीचं जेवण हलकं ठेवा." दोघातिघांनी मला ब्लॉकही केलं आहे. त्यांनी हे वाचलं तर खुशाल हसावं, आज माझी पाळी आहे.

मी सोलापूरला रायफल शूटिंग शिकवते. गेली बरीच वर्षं हेच करते आहे आणि चांगलं करते आहे, उगाच विनय कशाला दाखवू! आमच्या धंद्यात 'कसंतरी झालं', 'आपोआप झालं' असं काही नसतं. गोळी वर गेली तर वर जायला कारण असतं, खाली गेली तर खाली जायला कारण असतं. नेम चुकला की पोरं म्हणतात, मॅडम, रायफलच बरोबर नाही. मी म्हणते, बाळा, नाचता येईना अंगण वाकडं. मग मी तीच रायफल घेते आणि मधोमध भोक पाडून दाखवते. असा माझा स्वभाव. घरचेही म्हणतात, हिला देव भेटला तर ही त्याचं ओळखपत्र मागेल.

तर गोष्ट वैरागजवळच्या एका गावची. गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ पाहुण्यांनी भंडावलं आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे वडील, भारतअण्णा, तिथे शेती करतात. थंडीत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, चांगला कमरेच्या वर येऊन कणसात भरला होता, आणि त्याच वेळी एका रानडुकरानं उच्छाद मांडला. कळपातलं नव्हे, एकटं फिरणारं मोठं नर जनावर. एकटं डुक्कर माणसाला बुजत नाही. त्यानं दोन कुत्री फाडली, आणि एके दिवशी भारतअण्णांची बायको, कमलवहिनी, विहिरीवरून येत असताना त्यांच्या मांडीत सुळा घातला. हाडापर्यंत जखम गेली. थोडी आतल्या अंगाला, धमनीवर असती तर वहिनी राहिल्या नसत्या.

वनखात्याकडून डुक्कर मारायची रीतसर परवानगी मिळाली. माझ्याकडे वडिलांची जुनी थ्री-फिफ्टीन रायफल आहे, लायसन्स माझ्या नावावर आहे, आणि अशी कामं मी आधीही केली होती. भारतअण्णांचा फोन आला, "ताई, तुमीच या. दुसऱ्याचा भरवसा न्हाय." असं कोणी म्हटलं की मी नाही कशी म्हणणार?

दुपार कलताना मी तिथे पोचले. घरी भारतअण्णा एकटेच होते. वहिनींना जखमेच्या ड्रेसिंगसाठी वैरागला पाठवलं होतं, सोबत अण्णांचा धाकटा भाऊ सोपान गेला होता, आणि दोघंही तिथेच बहिणीकडे मुक्काम करणार होती. अण्णा म्हणाले, "घर रिकामं हाय, लई बरं झालं. बाईमाणसाला धसका नको आनि."

माझी पहिली अट नेहमीची होती — रानात एकही माणूस नको. ती व्यवस्था गावानं चोख केली होती. देवळाच्या भोंग्यावरून सकाळपासून सांगणं चाललं होतं की आज कुणी ओढ्याकडच्या रानात फिरकायचं नाही. व्हॉट्सॲपवर सरपंचांच्या आवाजात मेसेज गेला होता. वनरक्षक स्वतः देवळापाशी थांबले होते, आणि सगळं गाव त्यांच्याभोवती पारावर बसून बंदुकीचा आवाज कधी येतो याची वाट बघत होतं. अगदी क्रिकेटच्या मॅचसारखी.

शाळूच्या मधोमध माळा होता. माळा म्हणजे मचाण. चार जाड मेढी रोवून त्यावर बाज आवळलेली, वर कडब्याचं छप्पर, चढायला शिडी. पाखरं राखणारा माणूस त्यावर बसून गोफण मारतो. उंची साधारण घराच्या एका मजल्याएवढी. मी आधी केलेली कामं बांधावरून, जमिनीवर पडून केली होती. माळ्यावरून रायफल चालवायची ही पहिलीच वेळ. पण त्याचं शास्त्र मला तोंडपाठ होतं, आणि बाजेवर बसल्याबसल्या मी अण्णांना ते ऐकवूनही टाकलं.

"अण्णा, वरून मारताना नवशिक्याची गोळी हमखास जनावराच्या पाठीवरून जाते. का, सांगा?"

"का?"

"मान वाकडी करून खाली बघायचं असतं ना, म्हणून गाल बटावरून उचलला जातो. गाल उचलला की डोळा वर जातो, आणि नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बसायच्या ऐवजी खाचेच्या वर उभी राहते. म्हणजे नळी वर. म्हणजे गोळी वर. माणसाला वाटतं, आपण बरोबर धरलं होतं."

"गोफणीचं बी तसंच हाय की. वरनं मारला की दगुड लांबच जातो."

"आणि दुसरं. जमिनीवरून आपण खांद्याच्या मध्यावर धरतो. वरून तसं नाही चालत. गोळी तिरकी खाली जाते, म्हणून खांद्यावर थोडं उंच धरायचं, तर ती काळजातून जाऊन पलीकडं खाली निघते." हे सांगताना मी बोटानं बाजेवर डुक्करही काढून दाखवलं होतं. "आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मागं जमीन असते. जमिनीवरून मारलेली गोळी चुकली तर कुठवर जाईल याचा नेम नाही. वरून मारलेली मातीतच घुसते. माळ्यावरून मारणं हे सगळ्यात सेफ."

अण्णांनी मान डोलावली. तंबाखू मळायला घेतली, मग माझ्याकडे बघून ठेवून दिली, कारण वासानं जनावर येत नाही हेही मी त्यांना येतानाच ऐकवलं होतं. आता हे लिहिताना त्या बडबडीचं माझं मलाच हसू येतं. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं चांगलं माळ्यावर होतं.

मग अण्णांनी एक गोष्ट केली, जी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गोफणीचा दगड डोक्यात बसला तर माणूस जागीच आडवा होईल. शाळू उभा असला की आत वाकलेला माणूस वरून दिसत नाही. म्हणून गोफण फिरवण्याआधी माळ्यावरचा माणूस मोठ्यानं ओरडतो, "हाय का रं कोऽऽण?" पिकात कुणी असेल तर त्यानं तिथून "हाय रंऽऽ हाय!" म्हणायचं. मग दगड दुसऱ्या अंगाला सोडायचा. हे उत्तर कुणी चुकवत नाही. अण्णा सांगत होते, कणसं चोरायला शिरलेला माणूससुद्धा हाक आली की ओ देतो, कारण शिव्या खाणं दगड खाण्यापेक्षा बरं.

अण्णा बाजेवर उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चारी दिशांना वळून वळून ओरडले, "हाय का रं कोऽऽण?"

कुठूनच उत्तर आलं नाही. होले, म्हणजे कवडे, तेवढे उडाले आणि परत बसले. मी समाधानानं रायफल भरली.

मग आम्ही गप्प बसलो. बराच वेळ गेला. ऊन उतरत गेलं, शाळूची कणसं पिवळी दिसायला लागली. वारा आडवा होता, म्हणजे आमचा वास ओढ्याकडे जात नव्हता. ओढ्याच्या बाजूला शाळूतच हरभऱ्याचा एक पट्टा पेरलेला होता, आणि त्याच्या अलीकडे, मधे शाळूच्या दोन ओळी सोडून, डुकरानंच आडवं पाडलेलं मोकळं रान होतं. येणार तर ते तिथंच येणार, असा माझा हिशेब होता. अण्णांनी मोबाइल माझ्या खांद्यामागून धरून व्हिडिओ चालू ठेवला होता. वहिनींना दाखवायचा होता म्हणे.

डुक्कर आलं तेव्हा सूर्य मावळायचा होता, चांगलं दिसत होतं. आधी शाळूची ताटं हलली, मग मोकळ्या जागेत ते निवांत बाहेर आलं. मोठं होतं. पाठीवरचे केस उभे, तोंड चिखलानं माखलेलं. गोफणीचा दगड सहज पोचेल एवढंच अंतर. मला आडवी कूस देऊन ते कणसं चघळत उभं राहिलं... याहून सोपा शॉट देवसुद्धा देत नाही. मी बट खांद्यात घेतलं. खांद्यावर थोडं उंच धरलं. अर्धा श्वास सोडला. ट्रिगरचा पहिला ढिला भाग दाबून संपवला, आता फक्त शेवटचा दाब उरला होता.

आणि हाक आली — "हाय रंऽऽ हाय!"

पुरुषाचा आवाज. स्पष्ट, खणखणीत, जराही घाबरलेला नाही. रानातला माणूस रानातल्या माणसाला ओ देतो तसा. तो आला समोरून, डुकराच्या मागच्या बाजूनं, हरभऱ्याच्या पट्ट्याकडून. अण्णांनी विचारल्याला बराच वेळ उलटून गेला होता. आणि उत्तर आता आलं होतं.

माझं बोट ट्रिगरवरून बाहेर आलं. हे मी केलं असं म्हणणार नाही, ते आलं. डुकरानं डोकं वर उचललं, मान वळवली आणि पुढच्या क्षणी ते बाजूच्या शाळूत पसार झालं.

मी संतापले. बोल्ट उघडून गोळी बाहेर काढली आणि म्हणाले, "कोण मूर्ख आहे तो? भोंगा ऐकला नाही का त्यानं?"

अण्णांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते बाजेच्या कडेला ओणवे होऊन खाली, शिडीपाशी बघत होते. "कोण हाय रं खाली? वर ये की!"

"खाली कुठं अण्णा? तिकडून आवाज आला, समोरून."

"न्हाय ताई. हितनं आला. माळ्याखालनं. माज्या पायाखालनं."

 हाक दोघांनी ऐकली होती, शब्द तेच ऐकले होते, आणि दिशा मात्र दोघांच्या दोन.

तेवढ्यात हरभऱ्याच्या पट्ट्यात एक माणूस उभा राहिला. डुक्कर जिथे उभं होतं त्याच्या सरळ मागे, दहाबारा पावलांवर. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात कॅरीबॅग. त्यानं कंबर ताठ केली, माळ्याकडे पाहिलं, आम्ही दिसलो तसा आनंदानं हात हलवला.

अण्णांनी डोळ्यांवर हात धरून निरखून पाहिलं.

"सोपान," ते म्हणाले. "ताई, आपला सोपान हाय त्यो."

माझी जीभ अजून तावातच होती. "बरं झालं, ओरडला तरी वेळेवर! आधी हाक मारली तेव्हा काय झोपला होता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"त्यो कसा वरडंल, ताई? त्यो जल्मापासनं भैरा हाय. मुका हाय. त्याला बोलता येत न्हाय."

मी रायफल बाजेवर ठेवली.  

अण्णा शिडीवरून उतरले कसले, घसरलेच. शाळू तुडवत गेले आणि सोपानला आधी एक फाडकन कानशिलात ठेवून दिली, मग त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. सोपान पुरता गोंधळला. पन्नाशीला टेकलेला भाऊ आपल्याला का मारतो, का रडतो, त्याला काहीच कळेना. त्यानं कॅरीबॅग उघडली आणि आतली हरभऱ्याची भाजी मूठमूठ काढून अण्णांपुढे धरू लागला. कोवळे शेंडे खुडले म्हणून दादा चिडला, असं त्याला वाटलं होतं! मी तिथे पोचले तेव्हा तो भाजी परत झाडांवर ठेवून देतो, असे हातवारे करत होता. मला रडूही आलं आणि हसूही.

झालं होतं ते असं. वहिनी बहिणीकडे राहिल्या, पण सोपानला गाईची धार काढायची काळजी. त्यानं खुणेनं सांगितलं, निघाला, फाट्यावर उतरला आणि ओढ्याच्या वाटेनं मागून रानात शिरला. वाटेत हरभरा दिसला म्हणून रात्रीपुरती भाजी खुडायला बसला. आज डुक्कर मारायला माळ्यावर माणूस बसणार आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गावाला भोंग्यावरून सांगितलं. मोबाइलवर आवाज पाठवला. अण्णांनी चारी दिशांना हाक मारली. आणि साऱ्या गावात एकच माणूस असा, ज्याला यातलं काहीही पोचणार नाही. तो तर वैरागला गेलाय, त्याला काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. मी तर 'रानात माणूस नको' म्हणून मोकळी झाले होते, गावात न ऐकणारं कोणी आहे का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

डुकराला त्याचा वास कसा लागला नाही, असं कुणी विचारेल. वारा आडवा होता हे वर सांगितलंच आहे. त्यात काही गूढ नाही. गूढ दुसरीकडे आहे.

संध्याकाळी पारावर सगळं गाव अण्णांच्या भोवती. जो तो आपापलं अनुमान लावतोय. कोणी म्हणालं, अण्णांचा वारलेला बाप बोलला, त्यानंच तो माळा पहिल्यांदा उभा केला होता. कोणी म्हणालं, बांधावरचा म्हसोबा. एक म्हातारा ठासून म्हणाला, "संकट आल्यावर मुकं बी बोलतं." माझ्या आत तोवर जुनी बाई जागी झाली होती. मी एकेक तपासायला घेतलं. दुसऱ्या रानातून कोणी ओरडलं? सगळं गाव पारावर वनरक्षकांसमोर होतं, आणि त्यांना पारावर कुठलीच हाक ऐकू आली नव्हती. प्रतिध्वनी? इतक्या उशिरा, आणि न बोललेल्या शब्दांचा? मी अण्णांनाच विचारलं, "वडिलांचा आवाज होता का?"

 "न्हाय ताई. खोटं कशाला बोलू? बापाचा न्हवता. कुनाचाच न्हवता. शेजारच्या रानातला मानूस रोज ओ देतो की, तसा हुता. साधाच."

मग सोपान. वहिनी सकाळी परत आल्या, त्यांच्या खुणा त्याला सगळ्यात चांगल्या कळतात. त्यांच्यामार्फत विचारलं, तू काल ओरडलास का? तो हसला. तोंड उघडून दाखवलं, घशातून 'आ... आ...' एवढाच बसका आवाज काढला. त्याला हरभऱ्यात उभं करून तो आवाज मी बाजेवर बसून मुद्दाम ऐकायचा प्रयत्न केला. माळ्यापर्यंत तो पोचतसुद्धा नाही. मग त्याला काल काही जाणवलं का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. तो भाजी खुडत होता, बस्स.

मग आठवला व्हिडिओ. अण्णांचा मोबाइल देवळाच्या ओट्यावर ठेवून आम्ही आठदहा जणांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला. त्यात होले घुमताहेत. वाऱ्यानं छपराचा कडबा सळसळतोय. माझा श्वास ऐकू येतोय. हाक नाही. अजिबात नाही. ज्या क्षणी मी बोट काढलं त्याच्या मागंपुढं नुसती सळसळ आहे.

मी सुटकेचा निःश्वास टाकणार होते. भास, दोघांना एकदम झालेला भास, ताण असला की होतो... असं काहीतरी मी म्हणालेही. तेव्हा वनरक्षक म्हणाले, "मॅडम, डुकराकडं बघा."

हाक आली असं आम्ही दोघं ज्या क्षणी सांगत होतो, त्याच क्षणी व्हिडिओत डुक्कर डोकं उचलतं. माझं बोट तोवर हललेलंही नाही. मग ते मान वळवून मागे बघतं. मग माझं बोट बाहेर येतं. आम्हाला दोघांना भास झाला, हे मी एकवेळ मान्य करीन. डुकराला कसला भास होणार?

आणि त्या व्हिडिओत अजून एक गोष्ट होती, जी फक्त मला दिसली. इतरांना दाखवायची मला काही गरज नव्हती, पण मी दाखवली. मोबाइल माझ्या खांद्यामागे होता, चित्राच्या एका कडेला माझा चेहरा आणि रायफल दिसत होती. माझा गाल आणि बट यांच्या मधून संध्याकाळचं ऊन दिसत होतं. बोटभर फट. सगळ्या दुनियेला मी जी चूक करू नका म्हणून ओरडते, तीच.

त्या सकाळी आम्ही परत रानात गेलो. परवानगीची मुदत बाकी होती, वनरक्षक सोबत होते. सगळ्यांना माळ्याच्या मागे उभं केलं, आणि माणसं मोजण्यापेक्षा मी एकेकाचं तोंड बघून घेतलं. सोपानचा हात वहिनींनी धरून ठेवला होता. डुक्कर उभं होतं तिथे भुशाचं पोतं ठेवलं आणि मी माळ्यावर बसले. गाल बटावर नीट टेकवून पहिली गोळी झाडली, ती पोत्यात जिथं पाहिजे तिथं गेली. मग व्हिडिओत होता तसा गाल उचलला. तोच नेम, तोच श्वास. गोळी पोत्यावरून गेली.

ती कुठे घुसली ते बघायला सगळे हरभऱ्यात गेलो. मातीत सरळ भोक होतं. त्याच्या दोन्ही अंगांना आदल्या दिवशीच्या टाचा उमटल्या होत्या, उकिडवा बसलेल्या माणसाच्या. आजूबाजूचे शेंडे खुडलेले होते.

 वहिनींनी पदर तोंडाला लावला. सोपाननं सगळ्यांकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, खाली बसला, आणि बोट त्यात घालून बघितलं. बोट पुरतं आत गेलं. त्याला कळलं. मला दिसलं की त्याला कळलं. तळहातानं माती सारून त्यानं ते भोक बुजवलं, वर दोन थापा मारल्या, उठला आणि मला हातानं खूण केली — चला, चहा घ्यायला.

भारतअण्णांनी डुकराचा विषय परत काढला नाही. वनखात्यानं पुढे पिंजरा लावला, तो भाग वेगळा.

आता तुम्ही विचाराल, मॅडम, मग तुमचं मत काय? माझं मत नाही. मी मूठभर कारणं शोधली आणि एकही टिकलं नाही. हाक कुणी दिली, ती आम्हा दोघांना दोन दिशांनी का आली, मोबाइलला का आली नाही आणि डुकराला कशी आली — मला माहीत नाही. हे 'माहीत नाही' लिहायला मला किती जड जातंय हे माझ्या पोरांना विचारा. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे, तिच्यात मी कुणाचं ऐकणार नाही. ती हाक आली नसती तर मी सोपानला मारलं असतं. आणि मला वाटलं असतं, मी बरोबर धरलं होतं.

सोपान आता स्वतःचा मोबाइल वापरायला शिकला आहे. मधूनच त्याचा व्हिडिओ कॉल येतो. बोलणं काहीच नाही. तो मला वासरू दाखवतो, भाजी दाखवतो, मळणीला आलेला शाळू दाखवतो, आणि मग कॅमेऱ्यात बघून तोंड भरून हसतो. मी फोनचा आवाज पूर्ण मोठा करते आणि तो कॉल बंद करेपर्यंत कान देऊन ऐकत बसते.